गेटपासून ओट्यापर्यंत

सोपानतात्यांना कुणाकडे पाहुणा म्हणून न्यायचं असेल तर त्या घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. तात्या दिलेलं पाणी पीत नाहीत. म्हणजे घोटभर पितात, आपण निश्चिंत होऊन चहाच्या तयारीला आत वळतो, तेवढ्यात ते उठून दारात जातात आणि उरलेलं तांब्याभर पाणी तुमच्या अंगणातल्या लाद्यांवर ओततात. मग कमरेवर हात ठेवून ते पाणी कुठं जातं ते बघत उभे राहतात. पाणी सरळ गेटाकडे निघालं तर "बेस हाय" म्हणतात. मध्येच कुठं थबकलं तर घरच्यांकडे अशा नजरेनं बघतात, की घरात कुणी आजारी आहे की काय असं आपल्यालाच वाटावं.

"ढाळ न्हाय," ते हळू आवाजात म्हणतात, म्हणजे पाण्याला उतार नाही. "ढाळच दिला न्हाय. पैसं किती घेतलं ह्याचं?"

नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीत हे ऐकायला कुणाला आवडेल? माझ्या शाळेतल्या एका बाईंकडे मी तात्यांना आणि त्यांच्या बायकोला, हौसाकाकूंना, हौसेनं घेऊन गेले होते. त्या बाई नंतर चार महिने माझ्याशी वेळापत्रकापुरतं बोलत होत्या. पुढच्या पावसाळ्यात, तात्यांनी जिथं बोट दाखवलं होतं नेमकं तिथंच त्यांच्या पोर्चमध्ये तळं साचलं. त्याचाही राग त्यांनी माझ्यावरच काढला.

पिंपळी ओलांडून इंदापूरच्या दिशेनं निघालं की रस्त्याच्या कडेला आमची वस्ती लागते. सात-आठ घरं आणि बाकी सगळा ऊस. मी बारामतीत हायस्कूलला शिकवते, म्हणून वस्तीवर मला सगळे 'बाई' म्हणतात. माझ्या सासूबाईसुद्धा. तात्यांचं घर आमच्या शेजारी, मध्ये फक्त तारेचं कुंपण. त्या कुंपणावरून आमच्याकडची कोथिंबीर तिकडे जाते आणि तिकडचं भांडण इकडे ऐकू येतं.

तात्या बांधकाम खात्यात रस्त्यावर मुकादम होते. उन्हात उभं राहून खडी पसरून घेणं, डांबर टाकून घेणं, वर रोलर फिरवून घेणं, यात त्यांचा जन्म गेला. अजूनही ते नुसतं 'खातं' म्हणतात. बाकीची खाती त्यांच्या हिशेबी सरकारनं उगाच काढलेली. मोटारसायकलवर मागं बसले की रस्ता वाचत येतात. "हितं खाली काळी माती तशीच ठेवलीया." "हितं डांबर कमी पडलं." "ह्यो तुकडा आमचा. बघा, पोटातलं पाणी हलतंय का?" त्यांच्या तुकड्यावर खरोखरच हलत नाही.

आणि अशा माणसाच्या दारात चिखल होता. डांबरी रस्त्याला लागून त्यांचं गेट, आणि गेटपासून ओट्यापर्यंत चाळीस पावलं. पावलं तात्यांची, माझी बावन्न होतात. सगळी काळी माती. उन्हाळ्यात चपलेचा अंगठा अडकावा एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात पाय वर आला तरी चप्पल खालीच. जन्मभर दुसऱ्याच्या दारात डांबर टाकलं आणि स्वतःच्या दारात चिखल, हा विनोद वस्तीवर इतक्या वेळा झालाय की आता तो करणाराही हसत नाही. तात्यांना त्याचं काही नव्हतं. ते अनवाणी यायचे, ओट्याजवळच्या हौदावर पाय धुवायचे, आणि आत जायचे.

त्यांना पहिल्यांदा काही वाटलं ते दोन वर्षांपूर्वी. अवकाळी पाऊस चालू होता. त्यांचा एकुलता एक मुलगा महेश पुण्याला असतो. तो नवी कोरी गाडी घेऊन आला, बरोबर बायको आणि सहा वर्षांची ईश्वरी. गाडी गेटातून दहा पावलं आत आली आणि बसली. आधी चाकांखाली उसाचं पाचट घातलं, मग फळ्या घातल्या. मग आख्ख्या वस्तीनं ढकललं. शेवटी एकाचा ट्रॅक्टर आणून दोरखंडानं ओढली, तेव्हा गाडी निघाली आणि पुढचा बंपर चिखलातच राहिला. सूनबाईंची साडी पोटरीपर्यंत काळी झाली. ईश्वरीला मात्र फार मजा वाटली, तिनं आणखी एकदा गाडी अडकवायला सांगितलं. त्यावर तिला एक धपाटा बसला.

महेश बंपर हातात घेऊन उभा होता. "तात्या, आधी हा रस्ता करा," तो म्हणाला. "मगच आम्ही येतो." आणि गाडीत बसून सगळे गेले. काकूंनी केलेल्या पुरणपोळ्या घ्यायलाही कुणी थांबलं नाही. तो रागात बोलला होता हे मला कुंपणापलीकडून कळत होतं, तात्यांनाही कळलं असणार. पण तेव्हापासून दर रविवारी महेशचा फोन येतो, महेश येत नाही. आणि तात्यांनी त्या दिवसापासून रस्ता करायचं मनावर घेतलं.

मनावर घेतलं म्हणजे काय, हे समजायला तात्या माहीत पाहिजेत. साधा माणूस दोन ठिकाणी भाव विचारतो आणि काम उरकतो. तात्यांनी अभ्यास सुरू केला. आधी काँक्रीट घेतलं. "काँक्रीट गाडीला चांगलं. पर आपली माती फुगती. वर्साच्या आत तडं." मग डांबर घेतलं, तिथं त्यांचं मन थोडं रेंगाळलं. जुनी ओळख होती ना. पण एवढ्याशा तुकड्यासाठी डांबर म्हणजे नुसती लिंपालिंपी, दबाई नीट होत नाही, आणि वैशाखात पाघळतं. मग शहाबादी फरशी. ती छान दिसते, पण पहिल्या शेवाळ्याला माणूस आडवा. शेवटी ते पेव्हर ब्लॉकवर आले. एकमेकांत अडकणाऱ्या सिमेंटच्या जाड लाद्या, आपल्याकडे आता शाळेपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडे दिसतात त्या. खालची माती हलली तर लाद्या काढून पुन्हा बसवता येतात, हे त्यांना पटलं. मला वाटलं, सुटलो. पण ब्लॉकमध्ये जाडी निघाली, आकार निघाले, वीट, डंबल, नागमोडी. बारामती ते इंदापूर जेवढे ब्लॉकचे कारखाने आहेत तेवढे तात्या फिरले आणि प्रत्येक ठिकाणाहून एक नमुना नायलॉनच्या पिशवीतून घेऊन आले.

मग त्या नमुन्यांची परीक्षा. तो ब्लॉक दिवसभर हौदात बुडवायचा. बाहेर काढून वजन करायचं, पाणी किती प्यायला बघायला. ओट्यावरून खाली टाकायचा. आणि शेवटी भर दुपारी तो उन्हात ठेवून तात्या त्यावर अनवाणी उभे राहायचे, तोंडानं आकडे मोजत. काही ब्लॉक एवढे तापायचे की त्यांच्यावर पाच आकडेसुद्धा होत नसत. एकदा मी रागावले, की तात्या, या वयात पाय भाजून घ्यायचेत का?

"मला काय व्हतंय? डांबरावर जन्म गेला माझा. पर ईश्वरी दुपारची अशी बिनचपलेची पळाली तर?"

काकूंची तऱ्हा वेगळी. हौसाकाकू नावाप्रमाणं हौशी, पण बोलणं फटकळ. नमुन्यांतला एक ब्लॉक पिठाच्या डब्यावर, चार खाटेच्या पायांखाली, एक दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. "माझ्या घरात पंधरा कारखान्यांचं काम झालंय बाई," त्या म्हणायच्या, "फक्त दारात तेवढं व्हायचं हाय."

करणीचा प्रकार याच काळात झाला. मी आठवीच्या वर्गावर होते आणि फोन सारखा वाजत होता. तात्यांनी बारामतीतल्या एका नव्या बंगल्यांच्या कॉलनीत एका घराबाहेर बसवलेल्या ब्लॉकवर बाटलीनं पाणी ओतलं होतं, चुन्याच्या खड्यानं रेघ ओढली होती आणि वाकून काहीतरी पुटपुटत होते. घरातल्या बाईंनी वरच्या खिडकीतून हे बघितलं. नेमकी त्या दिवशी अमावास्या. बाईंनी वॉचमनला ओरडून सांगितलं, वॉचमननं तात्यांना धरलं, आणि 'तुमची ओळख सांगा' म्हटल्यावर तात्यांनी माझा नंबर दिला. मी वर्ग सोडून स्कूटीवर गेले, तर तात्या गेटासमोर खुर्चीवर बसलेले आणि भोवती दहा-बारा माणसं.

"काय पुटपुटत होते ते विचारा त्यांना," घरातल्या बाई लांबूनच म्हणाल्या.

"दीड इंच, पावनेदोन इंच," तात्या म्हणाले. "मापं व्हती ती. मला काय म्हाईत अमावास्या हाय? आमच्या खात्यात अमावास्येला सुट्टी नव्हती."

आणि मग, एवढ्या गर्दीत, तात्या त्या बाईंना म्हणाले, "ताई, ते सगळं ऱ्हाऊ द्या. तुमच्या दारातलं पाणी भाईर जात न्हाय, तुमच्या पिण्याच्या टाकीच्या झाकणाखाली जातंय. इकडं या, दावतो." दाखवलं. खरंच जात होतं. बाईंनी तोंडाला पदर लावला. पुढच्या पाच मिनिटांत तात्या आत सोफ्यावर बसून चहा पीत होते आणि मी, वर्ग वाऱ्यावर सोडून आलेली, दारात उभी.

एवढं सगळं होऊन काम सुरू झालं का? नाही. मग तात्यांनी इसार द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे काय होतं, ठेकेदार इसार घेतो आणि गायब होतो, मग मालक त्याला शोधत हिंडतो. इथं उलटं झालं. तात्यांनी इंदापूरच्या एकाला इसार दिला, बारामतीच्या एकाला दिला, आणि लोणी देवकरजवळ ब्लॉकचा छोटा कारखाना असलेल्या सादिकभाईंना दिला. आणि मग स्वतः गायब झाले. लांबून ठेकेदाराचा टेम्पो दिसला की तात्या उसात शिरायचे. मी स्वतः बघितलंय, सत्तरीचा माणूस विळा घेऊन गवत कापायचं निमित्त करत सरीत वाकून चाललाय.

एका सकाळी तिघेही ठेकेदार योगायोगानं आमच्या ओट्यावर एकत्र आले. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुम्ही कुणाच्या कामाला?" सादिकभाईंनी विचारलं.

"तात्यांच्या," बारामतीवाला म्हणाला.

"मीपण," सादिकभाई म्हणाले.

"आन् मी काय शेंगा फोडायला आलोय व्हय?" इंदापूरवाला म्हणाला.

मी तिघांना चहा दिला. दोघांनी रीतसर इसार परत आणून ठेवला आणि 'पुन्हा बोलवू नका' म्हणून गेले. सादिकभाई तेवढे राहिले. शांत माणूस, सगळ्या गोष्टींवर आधी हसणार आणि मग बोलणार. "मॅडम, आजवर लोकांनी मला काम लवकर करा म्हणून शिव्या दिल्या," ते म्हणाले. "काम करू नका म्हणून लपणारं गिऱ्हाईक पहिलंच."

मी तात्यांना उसातून बाहेर बोलावलं आणि चांगलं फैलावर घेतलं. आता काय अडलंय? तर म्हणाले, रंग. तांबडा की करडा ते ठरलं नाही. त्या रविवारी त्यांनी फोनवर महेशला विचारलं. महेश म्हणाला, तुम्हाला आवडेल तो घ्या. मग त्यांनी ईश्वरीला फोन द्यायला सांगितला.

"गुलाबी," ईश्वरी म्हणाली.

झालं. पुढचे दोन महिने तात्या गुलाबी ब्लॉक शोधत होते. असा ब्लॉक कुणी करत नाही. सगळीकडून नकार घेऊन ते परत सादिकभाईंकडे गेले, आणि सादिकभाईंनी पांढऱ्या सिमेंटमध्ये चिमूट चिमूट तांबडा रंग मिसळून चार वेळा करून बघितलं. पहिला फार तांबडा, दुसरा विटकरी, तिसरा कसलाच नाही. चौथा बरोबर गुलाबी आला. तात्यांनी तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "झ्याक हाय." मग पिशवीत घातला. "इचार करून सांगतो."

इथं माझा संयम संपला. मी बाई आहे, दुसऱ्याच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करायचा मी पगार घेते. रविवारचा तो देखावा मला बघवत नव्हता. काकू पहाटे उठून काही ना काही गोड करायच्या, उगाच. तात्या फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे. फोन वाजला की दोघं एकदम त्याच्यावर वाकायचे. "रस्त्याचं काय झालं?" महेश विचारायचा. "चाललंय, चाललंय," तात्या सांगायचे, "घाई करून चालत न्हाय रं." मग फोन ठेवायचे, आणि त्या चाळीस पावलांकडे बघत बसायचे. काकू ते गोड आमच्याकडे पाठवायच्या. म्हणजे म्हाताऱ्यानं नुसतं हो म्हणायचा अवकाश, नात अंगणात नाचेल, आणि हा माणूस दीड वर्ष ब्लॉक भिजवत बसलाय! मी काकूंना गाठलं. म्हटलं, तात्या सोमवारी इंदापूरला पेन्शनच्या कामाला जाणार आहेत. त्या दिवशी मी सादिकभाईंना जेसीबी घेऊन बोलावते. तात्या येईपर्यंत माती निघालेली असेल. मग कुठं जातात बघू.

मला वाटलं होतं काकू घाबरतील. त्या भाकरी थापत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "बोलवा बाई. एकदाचं काय ते कळू दे." काय कळू दे, ते मी विचारलं नाही. मी माझ्याच हुशारीवर खूश होते.

सोमवारी शाळेला रजा टाकली. दुपारपर्यंत जेसीबीनं दोन फूट काळी माती काढून बाजूला ढीग केला, आणि सादिकभाईंची माणसं एका टोकाला मुरूम पसरायला लागली. तीन वाजता तात्या एसटीतून उतरले. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत आणखी एक ब्लॉक. गेटाशी येऊन थांबले. मी पुढं झाले, ओरडा खायची तयारी ठेवून. पण तात्या ओरडले नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले.

"कुणी बोलावला ह्याला?"

"मी," मी म्हटलं. "तात्या, किती दिवस चालायचं हे? रस्ता झाला की महेश यायला मोकळा."

त्यांनी जेसीबीवाल्याला हात करून मशीन बंद करायला लावलं.

"तुमी चांगल्यासाठीच केलं, बाई. मला कळतंय. पर चिखल व्हता तवर बरं व्हतं." त्यांनी शेजारचं एक ढेकूळ हातात घेतलं. "कुणीबी इचारलं, पोरगं का येत न्हाय, तर सांगायला व्हतं. रस्ता न्हाय, गाडी येत न्हाय. लोकांस्नी सांगत व्हतो, हिला सांगत व्हतो. मलाबी तेच सांगत व्हतो. आता रस्ता झाला आन् तरीबी न्हाय आला, तर मग कशाला नाव ठिवू?"

पंधरा नमुने, तीन इसार, गुलाबी रंग, उसात शिरणं, या सगळ्यावर मी दीड वर्ष हसले होते, शाळेत शिक्षकखोलीत नक्कल करून दाखवली होती. मला फार लाज वाटली. माझी आई कऱ्हाटीला असते. स्कूटीवर तासाभराचासुद्धा रस्ता नाही आणि दारापर्यंत चांगलं डांबर आहे. मी संक्रांतीनंतर गेले नव्हते, आणि तेव्हा गणपती येऊन गेले होते. मी म्हटलं, "तात्या, बंद करू का काम? माती परत लोटायला सांगते."

"काढल्याली माती परत लोटत न्हाईत," तात्या म्हणाले. काकू तेवढ्यात चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तात्यांच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "न्हाय आला तर न्हाय आला. तुमी आता उठा, त्यो मुरूम वला करून घ्या. कोरडाच पसराय लागल्यात."

तात्या उठले. आणि मग जे काम झालं ते बघायला वस्ती जमायची. मुकादम पुन्हा हजर झाला होता. डोक्याला टॉवेल, हातात दोरी. मुरुमाचा थर, पाणी, दबाई, पुन्हा थर, पुन्हा पाणी. एवढं कशाला, नुसत्या गाडीसाठी, असं सादिकभाई म्हणाले तर तात्यांनी त्यांना खात्यातल्या तीन कार्यकारी अभियंत्यांच्या गोष्टी ऐकवल्या. वर खडीची बारीक कच, तिच्यावर ब्लॉक. करडे ब्लॉक आणि दोन्ही कडांनी गुलाबी पट्टा. ब्लॉक बसवणाऱ्या कामगारांना तात्यांनी एक ओळ तीनदा उचलायला लावली. अकरा दिवसांत काम पुरं झालं. असं काम बारामतीतल्या कुठल्या बंगल्याच्या दारातही नाही, हे मी सांगते.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तात्या म्हणाले, खात्याच्या नियमानं देणार. खात्यात ठेकेदाराचं सगळं बिल एकदम देत नाहीत. थोडी अनामत राखून ठेवतात, काम टिकतं की नाही ते बघून मग देतात. "बाकीचं आत्ता घे," ते सादिकभाईंना म्हणाले. "ऱ्हायलेलं महेशची गाडी आत आली, ओट्यापाशी वळली आन् नीट भाईर गेली, की." सादिकभाई हसले. पुण्याचा मुलगा, चारचाकी दारात, पंधरा दिवसांत येईल, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

मी फोटो काढून महेशला पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं. 'मस्त झालंय. दिवाळीत बघू.' दिवाळीत ईश्वरीच्या शाळेचं शिबिर निघालं. मग डिसेंबरात त्याच्या कंपनीत काहीतरी सुरू झालं, रविवारीही जावं लागायचं. महेश वाईट मुलगा नाही हो. फोन एकही चुकवत नाही. त्याला रस्त्याची गोष्ट आठवतही नसेल, बोलून गेला होता, विसरून गेला. फोनवर आता तो रस्त्याचं विचारत नाही आणि तात्याही काही सांगत नाहीत. ऊस कसा आहे, गुडघे कसे आहेत, एवढंच.

सादिकभाईंचा मात्र मला दर पंधरा दिवसांनी फोन यायचा. "मॅडम, आले का?" सुरुवातीला तो पैशांसाठी असावा. पुढं पुढं 'नाही' म्हटल्यावर ते पैशांचा विषयच काढत नसत. "येतील, येतील. कारखान्याचं गाळप संपलं की उसाच्या गाड्या कमी होतात, रस्ते मोकळे होतात," असं काहीतरी मलाच समजावायचे. मग तात्या बरे आहेत ना, विचारून फोन ठेवायचे.

परवाच्या रविवारची गोष्ट. जेवणं झाली होती. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते आणि गेटासमोर गाडी वळल्याचा आवाज आला. तात्या ओट्यावरून एकदम उठले. काकू आतून धावत आल्या, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, ओवाळून टाकायला. एवढ्या चटकन तो त्यांच्या हातात कुठून आला हे मी अजून विचारलेलं नाही. गाडी आत आली. पांढरी, जुनी व्हॅन. सादिकभाई, त्यांची बायको आणि दोन मुली.

मग काकू पुढं झाल्या आणि त्यांनी मुलींना दारातच उभं केलं. दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "या गं माझ्या बायांनो."

चहा झाला, गोड झालं. त्या दिवशी ते आमच्याकडे आलं नाही. निघताना सादिकभाईंनी व्हॅन ओट्यापाशी वळवली, ती तात्यांना दाखवून दाखवून, आणि खिडकीतून हसत म्हणाले, "बघा तात्या, गाडी आली, वळली, आता चालली. एक ब्लॉक हलला नाही. आता तरी बिल द्या की!"

तात्या आत गेले आणि पाकीट घेऊन आले. पाकीट जुनं दिसत होतं, घड्या पडलेलं, पैसे कधीचे घालून ठेवलेलं. सादिकभाईंचं हसू गेलं. ते घाईनं खाली उतरले. "तात्या, मी चेष्टा केली. मुलींना फिरवायला आणलं होतं. पैसे महेशदादा आल्यावरच द्या, आपलं ठरलंय तसं."

"घे," तात्या म्हणाले. "तुझं काम चोख हाय. वाट बघायची ती माझी हाय बाबा. तुला कशाला त्यात धरून ठिवू?"

सादिकभाईंनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. न उघडता खिशात ठेवलं. मुली मागच्या काचेतून काकूंना हात करत होत्या. गाडी गेली तसं काकू कप उचलून आत गेल्या, आणि मी इकडून जाऊन गेट ओढायला लागले. गुरं आत येतात म्हणून.

"ऱ्हाऊ द्या उघडं, बाई," तात्या ओट्यावरून म्हणाले. "आत्ताशी चारच वाजल्यात."